एक डेंगा आणि मादीची वाट

जपानी माणसं या खेकड्याला 'शिओमानेकी' म्हणतात, म्हणजे भरतीला हात करून बोलावणारा. ब्राझीलमध्ये त्याचं नाव 'शामा-मारे', अर्थ तोच. जर्मनांना तो नुसता हात हलवताना दिसला, इंग्रजांना फिडल वाजवताना. सगळ्यांनी बारसं केलं ते त्याच्या हालचालीवरून. भरती काही त्याच्या बोलावण्यासाठी अडलेली नसते. तो बोलावत असतो मादीला. पण हे बोलावणं सगळीकडे सारखं नसतं. कुठे डेंगा नुसता वर जातो आणि खाली येतो, कुठे तो बाजूला उलगडत मोठं वर्तुळ काढतो. कुठे नर बिळाच्या तोंडाशी वाळूचं टोपरं बांधतो, कुठे चिखलाचा खांब उभा करतो, तर कुठे रात्रीच्या अंधारात जमिनीवर ठोके देत बसतो. हे फरक जागेमुळे पडतात का? चिखल, वाळू, खारफुटीची सावली, ऊन, डोक्यावरून फिरणारे पक्षी यांचा या प्रियाराधनाशी किती आणि कसा संबंध आहे? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तराने गेल्या ऐंशी वर्षांत दोन-तीनदा कूस बदलली आहे.

फिडलर खेकड्याच्या शंभराहून अधिक जाती जगाच्या उष्ण किनाऱ्यांवर राहतात. २०१६ पर्यंत त्या सगळ्या 'उका' या एकाच नावाखाली होत्या. त्या वर्षी त्यांची ११ गटांत फेरवाटणी झाली, त्यामुळे जुनी पुस्तकं आणि नवे निबंध एकाच खेकड्याला दोन नावांनी हाक मारतात. इथे मी नवी नावं वापरली आहेत. नराचा एक डेंगा अवाढव्य असतो, त्याचं वजन कधी कधी सबंध शरीराच्या निम्म्यापर्यंत जातं. खाण्याच्या कामी तो शून्य. मादी दोन्ही छोट्या चिमट्यांनी चिखल उचलून भराभर तोंडात घालते. नराला एकाच चिमट्यावर भागवावं लागतं. म्हणजे मोठा डेंगा हा रोजच्या जेवणातून कापलेला खर्च आहे, आणि तो मुख्यतः दोन कामांसाठी होतो: भांडायला आणि बोलवायला.

मीलनाच्या पद्धतीही दोन. काही जातींत नर मादीच्या बिळापाशी जातो आणि सगळं उघड्यावर उरकतं. दुसऱ्या पद्धतीत मादी आपलं बीळ सोडून निघते, एकामागून एक नरांची बिळं पाहते, एक पसंत करते, आत जाते, आणि मीलनानंतर अंडी उबवायला तिथेच राहते. काही जातींत दोन्ही चालतात. ही दुसरी पद्धत लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या गोष्टीचा बराचसा भाग त्या मोकळ्या चिखलावरून, बिळाशिवाय, एकटीने चाललेल्या मादीचा आहे.

या विषयाची सुरुवात जोसेलिन क्रेन यांच्यापासून करावी लागते. निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब यांच्या मोहिमांतून तयार झालेल्या या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९४१ मध्ये मध्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फिडलर खेकड्यांवर लिहिलं आणि नव्या जातींना नावं देताना एकीला बीबचं नाव दिलं, दुसरीला टर्प्सिकोरिचं, म्हणजे ग्रीकांच्या नृत्यदेवतेचं. १९५७ मध्ये त्यांनी डेंगा हलवण्याच्या मूळ तऱ्हा वेगळ्या केल्या: उभी आणि आडवी. १९७५ मध्ये त्यांचा 'फिडलर क्रॅब्ज ऑफ द वर्ल्ड' हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रिन्स्टनहून निघाला. आजही या विषयावर काम करणाऱ्याच्या टेबलावर तो असतोच.

क्रेनबाईंचं चित्र असं होतं: हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या काठचे बरेच खेकडे खालच्या, जास्त वेळ पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात राहतात. त्यांचा डेंगा साधा वरखाली होतो आणि मीलन उघड्यावर होतं. अमेरिकेतल्या अनेक जाती किनाऱ्याच्या वरच्या, कोरड्या भागात गेल्या, जमिनीशी जास्त जुळल्या आणि तिथे त्यांचं प्रियाराधन गुंतागुंतीचं झालं. म्हणजे अधिवास वर सरकला तसा नाच पुढारला. ही शिडी दिसायला इतकी सुबक होती की ती वीस वर्षं टिकली. १९९६ मध्ये स्टुर्मबाउअर, लेव्हिंटन आणि क्रिस्टी यांनी जनुकांवरून वंशवृक्ष काढला आणि शिडी उलटी निघाली. ज्यांना 'पुढारलेले' म्हटलं होतं ते अमेरिकी खेकडे वृक्षाच्या बुंध्याशी होते. गुंतागुंतीचा नाच एकापेक्षा जास्त वेळा, स्वतंत्रपणे उपजला असावा, असं त्या तिघांनी सुचवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि माझ्या मते त्या निबंधातली तीच सगळ्यात मोलाची: वरच्या किनाऱ्यावर राहण्यासाठी आणि शत्रूपासून पळण्यासाठी अंगी आलेल्या सवयी प्रियाराधनाने उसन्या घेतल्या असाव्यात.

हा धागा हाती धरला की मग अधिवास नाचावर 'परिणाम करतो' म्हणजे नेमकं काय करतो, ते दिसू लागतं. आधी डोळ्यांपासून बघू.

फिडलर खेकड्याचे डोळे दांड्यांवर असतात. डोळ्याच्या मधला आडवा पट्टा सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि खेकडा तो क्षितिजाशी जुळवून ठेवतो. सपाट चिखलावर यातून एक फार सोपा नियम मिळतो. खेकड्यांची उंची जवळजवळ सारखी. त्यामुळे डोळ्याच्या रेषेखाली जे हलतं ते बहुधा आपल्यातलंच, आणि रेषेच्या वर जे हलतं ते संकट. लेन, लँड आणि झाइल यांनी १९९७ मध्ये हे तपासून दाखवलं: तीच काळी आकृती क्षितिजाच्या वर नेली की खेकडा पळतो, खाली ठेवली की फारसं मनावर घेत नाही. योखेन झाइल आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, १९८६ मध्ये, सपाट मैदानावरचे खेकडे आणि खडक-मुळांच्या अडचणीत राहणारे खेकडे यांची तुलना केली होती. मैदानावरच्यांचे डोळे लांब दांड्यांवर आणि जवळ जवळ, अडचणीतल्यांचे आखूड दांड्यांवर आणि दूर दूर. म्हणजे जागेने आधी बघण्याची तऱ्हा घडवली. दाखवण्याची तऱ्हा तिच्या मागून आली.

कारण डेंगा उचलण्यात खरी करामत ही आहे की तो या रेषेच्या वर जातो. अंगठ्याच्या नखाएवढा प्राणी चिखलाच्या रंगात बुडालेला असतो. डेंगा वर गेला की आकाशासमोर उठून दिसतो. दोन सेंटिमीटरचा खेकडा एक मीटरवरून जेमतेम एक अंशाचा कोन व्यापतो, आणि खेकड्याच्या डोळ्याला तो एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढाच. एवढ्या ठिपक्याला लक्ष वेधायचं तर हालचाल हवी, आणि मादीचं अंतर बदललं की हालचालही बदलायला हवी. ऑस्ट्रुका पर्प्लेक्सा या जातीचे नर तसंच करतात, हे मार्टिन हाऊ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं: मादी लांब असताना एक तऱ्हा, जवळ आली की दुसरी. ओल्या चिखलाची चकाकी ही आणखी एक अडचण. दुपारच्या उन्हात ओल्या चिखलाकडे माणसालाही धड बघता येत नाही. या खेकड्यांना ध्रुवित प्रकाश ओळखता येतो, आणि त्यामुळे चकाकीतून हलती आकृती वेगळी काढणं त्यांना सोपं जातं. हे जेलासिमस व्होमेरिस या जातीवर २०१५ मध्ये सिद्ध झालं. मोटार चालवणारे ध्रुवित काचांचा गॉगल घालतात, तो याच कामासाठी.

इथपर्यंतचं सगळं पटतं, पण त्यातून एक घाईचं अनुमान काढायचा मोह होतो: सपाट मोकळी जागा म्हणजे मोठा, आडवा नाच, झाडीची, अडचणीची जागा म्हणजे छोटा, उभा नाच. लेखांतून हे विधान बरेचदा भेटतं. मला ते कच्चं वाटतं. एका गटाच्या बहुतेक जाती खारफुटीच्या चिखलात आणि दुसऱ्या गटाच्या बहुतेक जाती मोकळ्या वाळूत राहत असतील, तर नाचातला फरक जागेचा की घराण्याचा, हे नुसत्या यादीवरून कसं ठरवणार? १९९६ च्या वंशवृक्षानंतर तर असली यादी आणखी सावधपणे वाचायला हवी. खरा पुरावा तिथे मिळतो जिथे एकाच जातीचे खेकडे दोन वेगळ्या परिस्थितींत पाहिले जातात, किंवा कोणीतरी परिस्थिती मुद्दाम बदलतो.

असा पुरावा सगळ्यात भरघोस आला तो पनामातून. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या केंद्रात जॉन क्रिस्टी यांनी आणि त्यांच्याबरोबर पॅट्रिशिया बॅकवेल, ताएवोन किम यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रशांत महासागराच्या काठावर वर्षानुवर्षं बसून काम केलं. तिथे दोन खेकडे आहेत. वाळूतला लेप्टुका टर्प्सिकोरिस, क्रेनबाईंची नृत्यदेवता: याचे काही नर बिळाच्या तोंडावर वाळूचं अर्धगोल टोपरं बांधतात. आणि चिखलातला लेप्टुका बीबीआय: याचे काही नर बिळाशेजारी चिखलाचा खांब उभारतात. भरती आली की सगळं वाहून जातं, म्हणून पुन्हा बांधायचं. बांधणी सगळ्यांना परवडत नाही. बीबीआयच्या नरांना जास्त खाऊ घातलं तर खांब बांधणाऱ्यांची संख्या वाढते, असं १९९५ च्या प्रयोगात दिसलं. चिखलात खाणं किती आहे यावर शृंगार ठरतो, हा अधिवासाचा सरळ, पोटातून जाणारा परिणाम.

पण टोपऱ्याकडे मादी का वळते? पहिला विचार असा सुचतो की चांगलं टोपरं म्हणजे चांगला नर, म्हणून. क्रिस्टींनी वेगळी शंका घेतली. मादी बिळाशिवाय मोकळ्यावर चालत असते. पक्षी आला तर तिला लपायला तत्काळ काहीतरी हवं असतं, आणि अशा वेळी खेकडे दगड, शिंपला, लाकडाचा तुकडा, रोपटं, जे काही जमिनीवरून उठून दिसेल त्याकडे धावतात. ही सवय प्रियाराधनासाठी झालेली नाही, जीव वाचवण्यासाठी झालेली आहे. नराने त्या सवयीचा फायदा घेतला: बिळाच्या दाराशी नेमकी तशीच उठून दिसणारी वस्तू बांधली. इंग्रजीत याला इंद्रियांचा सापळा म्हणतात. शब्द जरा कडक आहे. सापळ्यात सापडलेल्याचं नुकसान होतं, इथे मादीचंही भलंच होतं.

शंका तपासायची कशी? २००३ च्या प्रयोगात क्रिस्टी, बॅकवेल आणि शोबर यांनी कृत्रिम रचना नरांच्या बिळांपाशी ठेवल्या, आणि त्यात लेप्टुका स्टेनोडॅक्टिलस ही अशी जात घेतली जिचे नर काहीच बांधत नाहीत. तिच्या माद्याही रचनेकडे वळल्या. ज्या जातीत टोपरं हा प्रकारच नाही, तिच्या मादीला टोपऱ्यावरून नराची लायकी जोखण्याचं कारण नाही. आवड आधीची आहे, रचना नंतरची. पुढे २००९ मध्ये किम आणि सहकाऱ्यांनी टर्प्सिकोरिसच्या माद्यांच्या मनातली शत्रूची भीती वाढवून पाहिली, तेव्हा टोपऱ्याची ओढही वाढली. प्रियाराधनाच्या पसंतीला भीतीची चावी लावून ती कमी-जास्त करता येते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग प्राणिशास्त्रात फार नाहीत. आणि यातली एक गंमत: २००६ च्या एका अभ्यासात नर स्वतःच्याच टोपऱ्याचा उपयोग घरी परतायला करताना आढळले. खेकडा बिळापासून लांब गेला की पावलांच्या हिशेबावर परत येतो. हिशेब चुकला की टोपरं दिसतं. प्रेमपत्र म्हणून लिहिलेला कागद घराच्या पत्त्यासाठीही कामी आला.

भीतीचं दुसरं टोक बीबीआयने दाखवलं. कोगा, बॅकवेल, जेनियन्स आणि क्रिस्टी यांनी १९९८ मध्ये ग्रॅकल या लांब शेपटीच्या काळ्या पक्ष्याला मुद्दाम काही तुकड्यांवर येऊ दिलं. पक्षी वाढले तसं माद्यांनी आपलं बीळ सोडून नरांची बिळं पाहत फिरणं टाळायला सुरुवात केली. फिरती मादी नाही म्हटल्यावर तिला बोलावण्यातला अर्थही उतरतो, आणि मीलनाच्या दोन पद्धतींचं प्रमाण बदलतं. एकाच किनाऱ्यावर, एकाच जातीत, फक्त पक्ष्यांच्या वर्दळीने. क्रेनबाईंच्या काळात एखाद्या जातीची 'पद्धत' म्हणून जे नोंदलं जात होतं, त्यातला किती भाग त्या जागेच्या पक्ष्यांचा होता, असं मग वाटल्याशिवाय राहत नाही.

रंगांचंही तेच. ऑस्ट्रेलियात जेलासिमस व्होमेरिसवर हेमी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की ज्या ठिकाणी पक्ष्यांचा त्रास जास्त, तिथले खेकडे मळकट, चिखलाशी मिळतेजुळते. जिथे कमी, तिथले रंगीत. आणि हा रंग जन्माचा नसतो, बदलतो. फिडलर खेकड्याचा रंग बघता बघता बदलतो ही गोष्ट डार्विनलाही फ्रिट्झ म्यूलरकडून कळली होती, आणि १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने ब्राझीलच्या एका खेकड्याबद्दल तसं लिहिलंही आहे. रंग मादीसाठी असतो हे डार्विनला पटत होतं. तो पक्ष्यालाही दिसतो, हा हिशेब मोजून मांडायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

उन्हाकडे वळू. हा भाग वाचताना मला नरांची दया येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा लेप्टुका प्युजिलेटर हा वाळूतला खेकडा. याचे नर प्रियाराधनासाठी भरतीच्या रेषेच्या वरच्या, कोरड्या वाळूत बिळं करतात, कारण तिथलं बीळ पाण्याने ढासळत नाही आणि अंडी उबवणाऱ्या मादीला ते हवं असतं. पण तिथे खायला काही नाही, पाणी नाही, आणि वाळू तापलेली. ॲलन आणि लेव्हिंटन यांनी २०१४ मध्ये या निवडीची शरीराला पडणारी किंमत मोजली. मादीला चांगली जागा द्यायची तर नराने भाजून घ्यायचं, अशी ही वाटणी. नाच किती वेळ चालेल, किती जोमाने चालेल, हे वाळूच्या तापमानावरही ठरतं. यावर शरीराने एक उतारा काढलेला दिसतो: टेक्सासमध्ये डार्नेल आणि मुंगिया यांनी २०११ मध्ये लेप्टुका पॅनेशियाच्या नरांवर दाखवलं की मोठा डेंगा असलेला नर डेंगा नसलेल्यापेक्षा सावकाश तापतो आणि लवकर निवतो. नुसता दिखाऊ म्हणून ओझं वाटणारा अवयव रेडिएटरचंही काम करतो. हे लक्षात घेतलं की उष्ण, उघड्या किनाऱ्यांवर एवढा मोठा डेंगा बाळगणं कसं परवडतं, याचं निदान अर्धं उत्तर मिळतं.

भरती-ओहोटीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे नाचापेक्षा बिळाचं महत्त्व जास्त. अंड्यांतून निघालेली पिल्लं रात्रीच्या मोठ्या भरतीनंतरच्या ओहोटीबरोबर समुद्रात गेली तर माशांपासून वाचतात. म्हणून मादीला उधाणाचा दिवस गाठायचा असतो, आणि बिळाच्या रुंदीवर उबवण्याचा वेग अवलंबून असतो. कॅलिफोर्नियात डी रिव्हेरा यांनी पाहिलेल्या लेप्टुका क्रेन्युलाटाच्या एका मादीने १०६ नरांची बिळं पालथी घातली. घर बघायला निघालेली इतकी चोखंदळ मंडळी पुण्यातही सापडणार नाहीत. पनामाच्या आखातात वर्षातले काही महिने खालचं थंड पाणी वर येतं. त्या काळात अंडी सावकाश वाढणार हे धरून टर्प्सिकोरिसचं प्रियाराधन आधीच सुरू होतं, असं २०१४ मध्ये दिसलं. म्हणजे नाचाचं वेळापत्रकही पाण्याच्या थंडपणावरून ठरतं.

अंधार झाला की डेंगा दिसत नाही. मायकेल सॅल्मन यांनी १९६५ मध्येच नोंदलं होतं की प्युजिलेटर दिवसा डेंगा हलवतो आणि रात्री जमिनीवर ठोके देतो. जपानच्या ऑस्ट्रुका लॅक्टियाचे नर मादी दाराशी आली की आतून कंपनं देतात. कंपनं वाळूतून जातात, म्हणून वाळू कशी आहे हा इथे नाचाचाच भाग होतो. डोळ्यांचा अभ्यास जितका झाला त्या मानाने या जमिनीतल्या बोलण्याचा फारच थोडा झाला, कारण माणूस स्वतः डोळ्यांनी जगतो.

गर्दी ही गोष्ट अधिवासात धरायची की नाही, यावर वाद होऊ शकतो. मी धरतो. मोझांबिकमधल्या इन्हाका बेटावर बॅकवेल, जेनियन्स, पासमोर आणि क्रिस्टी यांनी ऑस्ट्रुका ॲन्युलिपीसचे नर एका तालात डेंगे हलवताना पाहिले आणि १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं. मादी जवळ आली की तिच्याभोवतीचे सगळे नर एकदम डेंगे उचलतात. पाहणाऱ्याला वाटतं, काय हा मेळ! प्रत्यक्षात तो मेळ नसून चढाओढ आहे: जो सगळ्यांच्या आधी डेंगा उचलतो त्याच्याकडे मादी वळते, म्हणून प्रत्येकजण पहिला व्हायला धडपडतो आणि सगळेच जवळपास एकाच वेळी पोचतात. रेल्वेच्या दारातली गर्दी लांबून बघितली तर तीही शिस्तीत एकत्र हललेली वाटते. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराजवळ रीनी आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रुका मियोबर्गीच्या माद्यांपुढे यांत्रिक डेंगे हलवून हे तपासलं, आणि माद्यांनी आघाडीचाच डेंगा पसंत केला. असा ताल तिथेच जमतो जिथे बिळं दाट आहेत, जमीन उघडी आहे आणि शेजाऱ्याचा डेंगा मुळांच्या आडकाठीशिवाय दिसतो.

या साऱ्याचं वजन करायचं तर माझा कौल असा: अधिवास नराला नाच शिकवतो, याचा पुरावा अजून तोकडा आहे. अधिवास मादीला घाबरवतो, तिची वाट मोकळी किंवा बंद करतो, तिला तारखा घालून देतो, आणि नराचं अंग तापवतो किंवा पोट भरतो, याचा पुरावा भक्कम आहे. नाच त्यानंतर बदलतो. डेंग्याच्या तऱ्हेवरून चिखल ओळखण्याची घाई मी तरी करणार नाही. माद्या किती फिरतायत हे पाहून त्या जागेवरचे पक्षी ओळखणं जास्त भरवशाचं आहे.

या आढाव्याचा एक धागा आपल्याकडे येतो. इन्हाका बेटावरचा तालात डेंगे हलवणारा ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नोंदलेला आहे. कोकणातल्या खाड्यांच्या काठाला, तिवरांच्या पुढच्या उघड्या चिखलात ओहोटीला जे चिमुकले, एका पांढुरक्या-गुलाबी डेंग्याचे खेकडे दिसतात ते याच घराण्यातले. खाण्याजोगे नसल्याने बाजारात त्यांना किंमत नाही. चिंबोरीला जेवढं लक्ष मिळतं तेवढं त्यांना कोण देणार?

आणि या जातीबद्दलचा एक निष्कर्ष मुंबईकराने तरी वाचावा असा आहे. बार्तोलिनी आणि सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेत ॲन्युलिपीस आणि त्याच्या एका भावंडाला शहरी सांडपाणी सोडलेल्या खारफुटीच्या वाफ्यांत ठेवून पाहिलं आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सांडपाण्याने चिखलात खाणं वाढलं, खेकड्यांची पोटं लवकर भरली, आणि उरलेला वेळ त्यांनी प्रियाराधनात आणि हद्दीच्या राखणीत घालवला. घाण पाण्यात नाच वाढला! एखाद्या गटारमिश्रित खाडीत डेंग्यांची रेलचेल पाहून 'निसर्ग परत आला' म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जोरदार नाच हा स्वच्छ पाण्याचा दाखला नाही. तो भरल्या पोटाचा दाखला आहे. तेच सांडपाणी त्या चिखलाचं दीर्घ मुदतीत काय करतं हा वेगळा हिशेब.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे जी पनामाच्या प्रयोगकर्त्यांना हाताने करावी लागली. हिवाळ्यात आपल्या चिखलपट्ट्यांवर स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. म्हणजे भीतीची चावी दर वर्षी आपोआप फिरते. अर्थात तापमानही त्याच सुमारास बदलतं, त्यामुळे दोन्ही कारणं वेगळी काढायला नीट आखणी लागेल: त्याच ऋतूत बगळ्यांचा वावर असलेला आणि नसलेला तुकडा, त्याच दिवशी सावलीतला आणि उन्हातला तुकडा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दुर्बीण, घड्याळ, वही आणि भरती-ओहोटीचा तक्ता पुरतो. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने दोन वर्षं हे नेमाने केलं तर त्यातून निघणारी नोंद या आढाव्यातल्या कुठल्याही निबंधाशेजारी बसेल.

तोवर ज्याला नुसतं पाहायचं आहे त्याने पाणी अर्धं उतरल्यावर खाडीकाठी जावं, चिखलाच्या कडेला बैठक मारावी, दहा नर निवडावेत आणि प्रत्येकाचा डेंगा दोन मिनिटांत किती वेळा उठतो ते मोजावं. पोचल्या पोचल्या सगळे बिळात जातील. पंधरा मिनिटं हलू नका, आणि शक्य तितकं खाली बसा. तुमचं डोकं त्यांच्या क्षितिजाच्या वर आहे.